कानांनी खेळणारे प्रेमानंद

आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत शनिवार-रविवारी कोण कोणता गेम खेळतं, हे मला न विचारता कळतं. भिंती पातळ आहेत आणि मी रिटायर्ड आहे, एवढं पुरतं. समोरचा अर्णव मोबाइलवर क्रिकेट खेळतो आणि आउट झाला की उशी आपटतो. सुमतीताई, म्हणजे आमच्या सांस्कृतिक समितीच्या तहहयात अध्यक्ष, रंगीत गोळ्या जुळवायचा गेम खेळतात आणि विचारलं तर भजन ऐकत होते म्हणतात. तळमजल्यावरच्या यमुताई ऐंशीच्या पुढच्या. त्या पारशिवनीच्या बहिणीशी फोनवर लुडो खेळतात, आणि बहिणीने गोटी मारली की पुढचा शनिवार येईपर्यंत तिचा फोन उचलत नाहीत. सी विंगमधला केयूर आठवडाभर घरी बसून कंपनीचं काम करतो, कुणाला दिसत नाही. शनिवार उजाडला की त्याच्या खिडकीतून गोळीबार सुरू होतो.

हे सगळं मी सहन करतो. पण दर शनिवारी माझ्या नेमक्या वामकुक्षीच्या वेळेला डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, हाणामारी चालायची, ती मात्र डोक्यात जायची. धप्प, सप्प, कुणीतरी कोसळलं, कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा धप्प. शेवटी एका शनिवारी चपला अडकवल्या आणि वर गेलो. काय बोलायचं ते जिन्यातच पाठ केलं होतं.

दार दीक्षाने उघडलं. ही प्रेमानंद गजभियेंची मुलगी. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, शनिवार-रविवार सुट्टी. आई प्रीती नर्स, तिची ड्युटी नेमकी त्याच दोन दिवशी. प्रेमानंदांना मी जिन्यात पांढरी काठी घेऊन उतरताना पाहिलं होतं. सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा, आणि त्यामागोमाग नोकरी. तेव्हा मी मनाशी धरून चाललो होतो की पोरगी खेळते आणि बाप बिचारा शेजारी बसून राहतो.

"या ना काका, बसा. हा डाव संपतच आला," असं म्हणून दीक्षा आपल्या जागेवर बसली आणि तिने कंट्रोलर उचलला. दुसरा कंट्रोलर प्रेमानंदांच्या हातात होता.

टीव्हीवर दोन पैलवान एकमेकांना बुकलत होते. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर होते. प्रेमानंदांचं तोंड टीव्हीकडे नव्हतंच, ते खिडकीकडे जरासं वळलेलं होतं. दीक्षाच्या गड्याने उडी मारली. ती उडी खाली येण्याआधीच प्रेमानंदांची बोटं हलली, त्यांचा गडी वाकला, बाजूला सरकला आणि खालून असा ठोसा दिला की दीक्षाचा गडी आडवा. मी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. गेलो होतो भांडायला आणि आलो चहा पिऊन.

"उडीचा आवाज वेगळा, पाय सरकवण्याचा वेगळा," त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. "गडी डावीकडं असला तर डाव्या स्पीकरमधून येते. अन् समोरच्याच्या हातातली बटनं, ती तर सारं सांगते. टायपिंगच्या क्लासमध्ये आमचे मास्तर बोटांवर रुमाल टाकत, पाहू नका म्हणत. तेच करून राहिलो आता."

ते बोलले सहज. मी मात्र घरी येऊन डोळे मिटले आणि नुसता टीव्हीचा रिमोट शोधून पाहिला. पाण्याचा तांब्या सांडला.

तेव्हापासून माझी वामकुक्षी गेली ती गेलीच. शनिवारी जेवण झालं की मी वर जाऊन बसायचो. प्रेमानंद बहुतेक डाव जिंकायचे आणि प्रत्येक वेळी मला नवल वाटायचं. लोक देवळात जाऊन जे शोधतात ते मला त्या तिसऱ्या मजल्यावर फुकट मिळत होतं, असं म्हटलं तर सुमतीताईंना राग येईल, पण तसंच होतं.

एका रविवारी सकाळी दीक्षा खाली तर्री-पोहे आणायला गेली होती. प्रेमानंदांनी ती जिना उतरून गेल्याची खात्री करून घेतली आणि मला म्हणाले, "मधुसूदनजी, एक गोष्ट मले आतून खाऊन राहिली. दीक्षा मले जिंकू देते काय?"

"तुम्हाला कळत नाही? बटनं ऐकता ना तुम्ही."

"सुरुवातीले समजे. हात आखडून खेळे ती, मले चटकन ऐकू येई. तिले बोललो नाही कधी. म्हटलं, आपण शिकू, मग तिले नाटक करा लागणार नाही. आता काही समजत नाही. एक तर मी खरंच शिकलो, नाही तर ती नाटक चांगलं करायले शिकली."

"मग दुसऱ्या कुणाशी खेळा. ऑनलाइन खेळतात ना लोक."

"त्यात आवाज मागंपुढं होते जी. अन् मी आंधळा आहे म्हटलं की घरी येणारा पाहुणाही मले जिंकवूनच जाते." ते माझ्याकडे वळले. "माझी एक तरी जीत खरी आहे काय, एवढं मले कोणी सांगा."

मी काय सांगणार? मला तर त्या गेममध्ये आपला गडी कोणता हेसुद्धा ओळखता येत नव्हतं. पण तो प्रश्न मग माझ्याही डोक्यातून जाईना.

मे महिन्याच्या शेवटी, मुलांच्या सुट्ट्या संपत आल्या असताना, सुमतीताईंनी सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी गेमची स्पर्धा जाहीर केली. प्रेमानंदांचाच गेम, प्रेमानंदांचेच स्पीकर. प्रेमानंदांनी नाव दिलं तेव्हा सुमतीताईंना भरून आलं. मला ते भरून येणं पाहून धास्तीच वाटली. ही बाई मनाने इतकी चांगली आहे की तिच्यापासून सांभाळून राहावं लागतं.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापते नऊ दिवस, चालू होता. बाहेर रस्ता पांढरा पडला होता. हॉलमध्ये भला मोठा कूलर घरघरत होता आणि त्याच्या वाऱ्यात सगळी सोसायटी दाटून बसली होती. पहिला डाव अर्णवशी. अर्णव एरवी हातातला गेम सोडत नाही, पण त्याचा गडी त्या दिवशी नुसता उभा राहून मार खात होता. टाळ्या पडल्या. मग एक मुलगी आली, तीही तशीच हरली. पुन्हा टाळ्या. प्रेमानंदांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"कूलरच्या आवाजात मले नीट येत नाही," ते शांतपणे म्हणाले, "पण हे पोरं बटनच दाबून नाही राहिले, एवढं तर येते ऐकू."

 अर्णवने सुमतीताईंकडे पाहिलं आणि सगळं उघड झालं. "अहो, मीच सांगितलं मुलांना," त्या म्हणाल्या, "की काकांना हरवू नका. त्यात वाईट काय आहे?"

"वाईट नाही ताई. पण हरवायचंच नव्हतं, तर खेळायले कशाले बोलावलं मले?"

 हॉल अवघडून बसला. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून यमुताईंचा आवाज आला, "कूलर बंद करा."

नवतप्यात नागपूरकर एक वेळ जेवण सोडेल, कूलर सोडणार नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. "बहिऱ्या झाल्या काय सारे? त्याले ऐकू येत नाही, बंद करा तो कूलर," यमुताई पुन्हा म्हणाल्या. "अन् तू, केयूर, तू बस गा तिथं. हात राखला तर माझ्याशी गाठ आहे."

कुणीतरी बटण दाबलं. घरघर थांबली आणि उकाडा एकदम अंगावर आला. सुमतीताईंनी वर्तमानपत्राने वारा घ्यायला सुरुवात केली, तर त्याची फडफड होते म्हणून यमुताईंनी तो कागद काढून घेतला. मग कुणीच वारा घेतला नाही. हॉलभर माणसं घामाने निथळत, लहान मुलांना मांडीवर दाबून धरत, एका आंधळ्या माणसाला नीट ऐकू यावं म्हणून गप्प बसली होती. या लोकांवर मी वर्षानुवर्षं चिडत आलो आहे. त्या दुपारी मला त्यांचा अभिमान वाटला.

केयूरने हात राखला नाही. पहिला डाव त्याने निर्दयपणे जिंकला. प्रेमानंद मान तिरकी करून ऐकत होते, जणू काही हरत नव्हते, टायपिंगसाठी मजकूर उतरवून घेत होते. दुसऱ्या डावात केयूरच्या बोटांचा कडकडाट सुरू झाला की त्याच्या पाठोपाठ त्यांची बोटं उत्तर देऊ लागली. केयूर उडी मारायचा आणि खाली ठोसा तयार असायचा. दुसरा डाव त्यांनी घेतला. तिसऱ्यात दोन्ही गडी अगदी मरणाला टेकले होते. केयूरने पाय सरकवला, तो आवाज मलाही ऐकू आला, पण मला त्याचा अर्थ लागेपर्यंत केयूरचा गडी पडलेला होता.

केयूरने कंट्रोलर खाली ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला. "काका, मी पूर्ण ताकदीने खेळलो," तो म्हणाला. त्याचा चेहराच सांगत होता की तो खरं बोलतोय. हॉल उभा राहिला. सुमतीताई रडत होत्या आणि बक्षिसाचा कप शोधत होत्या.

"थांबा जरा," प्रेमानंद म्हणाले. "दीक्षा, आता तू केयूरशी खेळ."

लोकांना वाटलं, बापाला हौस आली. पण ते काय ऐकायला बसले आहेत हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला ठाऊक होतं. आणि दीक्षाला. तिचा चेहरा उतरला.

"माझं नाव नाही दिलं बाबा."

"राहू दे नाव. बस."

बापाने नुकत्याच हरवलेल्या केयूरकडून हरून टाकणं तिला सोपं होतं. ती हरली असती तर बापाचे सगळे शनिवार खरे ठरले असते, त्यांच्या मनातला काटा निघाला असता आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवून कूलरपाशी गेलो असतो. ती बापाकडे बराच वेळ पाहत राहिली. त्यांनी मान तिच्या हातांकडे वळवली होती. मग ती बसली.

मी तिला इतक्या शनिवारी खेळताना पाहिलं होतं आणि मी तिला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. केयूरचा गडी उभा राहायचा आणि पडायचा, उभा राहायचा आणि पडायचा. तिच्या बोटांचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा येत होता. पहिला डाव गेला, लगेच दुसरा गेला, तिसऱ्याची गरजच पडली नाही. केयूर तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला.

प्रेमानंदांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. आता हा माणूस मोडणार, असं मला वाटलं आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीपासून," दीक्षा म्हणाली.

"काहून वं?"

तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "तुमची नोकरी गेली, स्कूटर गेली, पेपर वाचणं गेलं. शनिवारची जीत तेवढी राहिली होती. ती मी कशी घेऊ, बाबा?"

  हळूहळू प्रेमानंदांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी ओळखलं, कारण मी स्वतः दर शनिवारी तसाच चेहरा करून त्यांच्याकडे बघत आलो होतो. ते अचंबित झाले होते.

"माझ्या कानाले पत्ता लागू नाही दिला तू," ते म्हणाले. "सुरुवातीचं सोडलं तर एकदाही. अन् इतकी भारी खेळते." त्यांनी चाचपडत आपला कंट्रोलर उचलला. "ये. आता माझ्याशी खेळ. अशीच खेळ."

"बाबा..."

"हात राखला तर समजते मले आता. खरा आवाज ऐकला मी."

ती खेळली. रडत होती, पण बोटं थांबली नाहीत. प्रेमानंदांनी चार-दोन ठोसे दिले, तेही चांगले, पण तिच्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यांचा गडी कोसळला की ते हसत होते आणि मानेने दाद देत होते. मी उगाच कुणापुढे हात जोडणाऱ्यातला नाही. त्या दिवशी जोडावेसे वाटले, पण बापापुढे जोडावे की पोरीपुढे, हे काही माझं ठरेना.

डाव संपला. प्रेमानंदांनी हात लांब करून दीक्षाचे हात शोधले, तिची बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि एकेक बोट चाचपून पाहिलं.

"माझी पोरगी अशी खेळते," ते म्हणाले, "अन् तीन वर्षं शेजारी बसून मी कधी ऐकलं नाही."