केवळाबाईंची म्हैस

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार. सकाळी गार वारा. नळाला पाणी आले नाही. गुडघा दुखला. केवळाबाईंची म्हैस फळली.

यातला शेवटचा शब्द मी खोडलेला आहे. त्या वर्षीच्या डायरीत तेवढी एकच खाडाखोड.

केवळाबाई आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहत. माहेर इस्लापूरकडचे, नवरा जाऊन सात वर्षे झालेली. म्हैस दोनदा उलटली होती, भरवूनही पुन्हा माजावर आली होती. मुलगा अमरनाथ पुण्याला असतो. त्याने फोनवर बजावले होते, या खेपेला गाभण राहिली नाही तर म्हैस विकू आणि तू इकडे ये. त्यांना आमचे चाकूर गाव सोडायचे नव्हते. लिहिता येत नसल्याने म्हशीच्या तारखा माझ्या डायरीत ठेवत.

त्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस कृत्रिम रेतनाने म्हैस भरवून गेला आणि त्या आल्या. मी लिहिलेले वाचून दाखवले.

"खोडा ते, बाई. आज नुसती भरवली."

"मग फळली कधी म्हणायचं?"

"एकवीस दिसांनी माजावर आली न्हाई तर थांबली म्हनायचं. तीन म्हैन्यांनी डाक्टरनं हात घालून पाहिलं, मंग फळली. आधी म्हनलं की उलटती."

"माझ्या लिहिण्यानं?"

"शिकल्याल्या मानसाच्या लिवन्यानं तर लई लवकर."

मी 'भरवली' लिहिले.

चोवीस फेब्रुवारीच्या आसपास तीन दिवस त्या गोठ्यातून हलल्या नाहीत. म्हैस माजावर आल्यासारखी ओरडली नाही. सोळा मार्चलाही नाही. मग त्यांनी मला 'थांबली' लिहायला सांगितले आणि खडीसाखर दिली. एप्रिलभर त्या म्हशीशी बोलत. भिंतीपलीकडून ऐकू येई.

तीन मेला डॉक्टर आले. हात धुताना म्हणाले, "रिकामी आहे, मावशी. म्हशीचा माज कधीकधी मुकाच असतो. कळत नाही."

केवळाबाई माझ्याकडे येऊन ओसरीत बसल्या. मी डायरी काढली.

"मार्चातलं ते खोडू का?"

"ऱ्हाऊ द्या. तेवढे दिस बरे गेले."

बारा तारखेला अमरनाथ आला. उदगीरचे व्यापारी रेवणप्पा म्हैस विकत घेऊन गेले. दुपारच्या गाडीने मायलेक निघाले. जाताना त्यांनी गोठ्यात उरलेली पेंड माझ्या दारात आणून ठेवली. माझ्याकडे जनावर नाही; कोणासाठी, ते मी विचारले नाही.

संध्याकाळी लिहिले: सरकी पेंड, चार किलो. उंदरांमुळे पत्र्याच्या डब्यात भरली.