लाडाच्या नावाचं लाकूड

माझे भावोजी कातारी आहेत. लेथवर लाकडाचा ठोकळा गरगर फिरवायचा, त्याला पटाशी लावायची आणि त्यातून वाडगे, फुलदाण्या, खुर्च्यांचे पाय, काठ्यांच्या मुठी काढायच्या, हा त्यांचा धंदा. एरवी माणूस अबोल. ताईच्या लग्नानंतर बरेच दिवस मला वाटायचं, हिला मुका नवरा मिळाला. पण लाकडाचा विषय निघाला की समोरच्यानं एक तर चहा मागवावा, नाही तर पळ काढावा.

"मेव्हणीबाई, रंगावर कधी जायचं नाही," ते मला सांगत. "उन्हात ठेवलं की रंग बदलतो. लाकूड धारदार पात्यानं आडवं कापायचं आणि त्याचं तोंड भिंगातून बघायचं." त्या तोंडावर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसत. ती रांगेत आहेत की विखुरलेली, यावरून त्यांना लाकडाचं घराणं कळे. मग वजन. मग पाणी, काही परदेशी लाकडं दगडासारखी सरळ तळाला जातात. एकदा त्यांनी लाल लाकडाचे छिलके ग्लासभर पाण्यात टाकून ग्लास खिडकीत उन्हाला धरला, तर पाणी निळसर चमकायला लागलं. मी डोळे विस्फारले. "जादू नाही, घराण्याची खूण," ते म्हणाले. सगळ्यात शेवटी वास. भिंगापेक्षा त्यांचा भरवसा नाकावर जास्त होता, आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

झालं असं की वाद्यं बनवणारा एक कारखाना बंद पडला आणि त्याचे उरलेसुरले परदेशी ठोकळे वखारवाल्यानं ढिगानं विकायला काढले. त्या ढिगात काही जड, तेलकट, काळ्या रेघांचे नारिंगी तुकडे होते. भावोजींनी हुंगले आणि म्हणाले, "शिसवी. जरा वेगळ्या मातीतली." भिंग खिशातच राहिलं. लाकूड देखणं होतं आणि वास तर विचारू नका. गोडसर, ऊबदार, किंचित मसाल्यासारखा. तो भावोजींच्या छोट्या कारखानाभर झाला, मग त्यांच्या कपड्यांत शिरला, आणि कपड्यांतून ताईच्या घरात आला.

पुढे ताईच्या पापण्या सुजायला लागल्या. सकाळी उठावं तर डोळ्यांच्या फटी झालेल्या, गाल लालबुंद, खाज अशी की बोलायची सोय नाही. साबण बदलले, तेल बदललं, कुणाच्या सांगण्यावरून वांगी सोडली. नात्यातल्या टवाळांनी निदानही करून टाकलं, "हिला नवऱ्याची ॲलर्जी आहे." सगळे हसले. भावोजीही हसले, पण त्यांनी त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. घरात कोणतं काम चालतं, हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी कारखान्यातल्या प्रत्येक लाकडाचा नमुना मागवला आणि "घरी अंगावर लावून प्रयोग करू नका" असं बजावून स्वतः बेताबेतानं ताईच्या पाठीवर चाचणी घेतली. एकच चौकोन लाल झाला. शिसवीचा.

भावोजी अपमान झाल्यासारखे घरी गेले. सबंध हयात शिसवी कातण्यात गेलेली. शिसवी असं करणार नाही. मग त्यांनी भिंग काढलं. भोकांची नक्षी तपासली, जुन्या शिसवीचा तुकडा शेजारी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पडलेल्या आवाजात मला फोन केला. "शिसवी नाही ती. तिच्या घराण्यातली आहे, पण पार दुसऱ्या खंडातली. कोकोबोलो."

मला वाटलं, कुणी तान्ह्या बाळाला लाडानं हाक मारतंय. "एवढं गोंडस नाव?" मी म्हटलं. ते हसले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सगळं फोड करून सांगितलं. असं लाकूड पहिल्या दिवशी काही करत नाही. एखाद्याच्या अंगाला हळूहळू त्याचं वावडं होतं, आणि एकदा झालं की पुन्हा जमत नाही. चिमूटभर भुसाही पुरतो. तेव्हा ते लाकूड हद्दपार करा, कारखान्यात भुसा ओढणारं यंत्र बसवा, नाकाला रुमाल नको, खरा मास्क लावा, कामाचे कपडे घरात आणू नका. तोवर ताईनं दुसरीकडे राहावं. एक गोष्ट मात्र त्यांना कोड्यात टाकत होती. "कपडे तुम्ही हातानं धुता. हात ठणठणीत आहेत. मग सूज तोंडावरच कशी?"

ताई पंख्याकडे बघत राहिली.

ती माझ्याकडे आली. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. लग्नानंतर बहीण अशी निवांत कधी मिळते? भावोजी आठवड्याला येत, अंघोळ करून, कोऱ्या कपड्यांत, दाखवायला नेलेल्या मुलासारखे खुर्चीच्या टोकावर बसत आणि "डोळे कसे आहेत?" एवढंच विचारत. डोळे छान निवळले होते. मग एके सकाळी ताई उठली ती पुन्हा सुजलेली.

आम्ही माझी मांजर शेजारी पाठवली. चोर सोडून संन्याशाला फाशी; सूज उतरली आणि परत आली. भावोजींनी मनाशी हिशेब मांडला. ते येऊन गेले की एकदोन दिवसांत डोळे बिघडतात, म्हणजे लाकूड त्यांच्याच अंगात मुरलं आहे. त्यांनी येणं बंद केलं. तर सूज आणखी वाढली.

"लेथ विकतोय," एका संध्याकाळी ते फोनवर म्हणाले. "रविवारी माणूस बघायला येतोय. लाकूडच सोडलं तर ती घरी येऊ शकेल."

"मग करणार काय तुम्ही?"

"बघू. दुकानात वगैरे बसेन कुठं तरी."

फोन स्पीकरवर होता आणि ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली असताना मी तिच्या उशीचा अभ्रा बदलायला घेतला. आत काही तरी मऊ लागलं. ओढून काढलं तर भावोजींचा कामाचा शर्ट. न धुतलेला, घडी घातलेला, खिशात नारिंगी छिलके तसेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला असा राग आला की मी न्हाणीघराच्या दारावरच थापा मारल्या.

ती ओल्या केसांनी बाहेर आली, शर्टाकडे पाहिलं आणि पलंगावर बसली.

"तिकडे शर्ट धुवायच्या आधी रोज वास घ्यायचे," ती म्हणाली. "तोंडाशी धरून. ते बोलत नाहीत गं फारसं. तो वास बोलायचा. इथं मी आले तेव्हा म्हटलं, एकच शर्ट नेऊ. ते येऊन गेले की जास्तच आठवण यायची, म्हणून काढायचे. मग ते यायचेच थांबले."

"आणि तुझ्यापायी तो माणूस लेथ विकतोय."

"माहीत आहे. काल रात्रभर ठरवत होते सांगायचं. सांगितलं की तुम्ही तो धुणार."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिला पोटाशी धरावंसं वाटलं, पण माझ्या हातात तो शर्ट होता. मी तो पिशवीत घालून गाठ मारली, साबणानं हात धुतले आणि भावोजींना बोलावून घेतलं.

त्यांनी सगळं उभ्यानंच ऐकलं. पिशवीकडे पाहिलं. "हा मी शोधत होतो," एवढंच म्हणाले. मग मास्क लावला, बाह्या सरसावल्या आणि पिशवी घेऊन मागच्या नळावर गेले. या माणसानं जन्मात रुमालसुद्धा धुतला नसेल. ताईला आम्ही बंद खिडकीच्या काचेआड बसवलं. त्यांनी पिशवी बादलीत पाण्याखाली नेऊनच उघडली, भुसा उडायला नको म्हणून. शर्ट खळबळून काढला, दगडावर चोळला, पिळला, मास्क खाली करून नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला.

"तुम्हीच बघा. मला हा वास आता येतच नाही. सवयीनं नाक मेलंय."

मी हुंगला. साबणाच्या मागे, अगदी तळाशी, गोडसर काही तरी होतं. "थोडा आहे अजून," मी म्हटलं.

ताईनं खिडकीची काच बोटभर सरकवली. सुजल्या डोळ्यांतून तिला आम्ही कितपत दिसत होतो, कोण जाणे.

"अहो," ती म्हणाली, "थोडा राहू दे."

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बादली उपडी केली आणि पुन्हा नळाखाली लावली.