धुरीच्या खोलीतला डबा

नवजात बाळाच्या खोलीतल्या हवेत किती धूर असतो आणि त्याने त्याच्या छातीचं काय होतं, हे शोधणाऱ्या एका संशोधनात मी तीन वर्षं घरोघरी फिरले. काम ऐकायला भारदस्त, करायला साधं. बाळंतिणीच्या खोलीत फळीवर एक डबा ठेवायचा. तो घुर्र घुर्र करत हवा ओढतो आणि धुराचा आकडा साठवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी डबा उचलायचा, बाळाचं वजन करायचं, मिनिटभर त्याचे श्वास मोजायचे आणि स्कूटीवर बसून पुढचं घर गाठायचं. राहुरी ते सोनई पट्ट्यातली गावं माझ्याकडे होती.

त्यातल्या एका गावाचा मला फार अभिमान. बाकी सगळीकडे सकाळी आकडा सपाट्याने वर चढायचा. कारण उघड होतं. बाळाला न्हाऊ घातलं की खोलीचं दार लावतात, शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकतात आणि त्या धुरीवर बाळाला धरतात. सर्दी धरत नाही म्हणतात. या गावात मात्र घर कुठलंही असो, आकडा जागचा हलत नव्हता. पुण्याहून आमच्या डॉक्टरांचा फोन आला.

"तिथे धुरी देतात ना?"

"देतात की. रोज."

"मग सगळीकडेच धुरीने हवा बिघडते असं नाही, असं दिसतंय. अहवालात तसं मांडू."

मी हुरळून गेले. आपल्या गावातून काहीतरी नवीन निघालं म्हणून त्या दिवशी घरी शिरासुद्धा केला.

पण धुरी दिलेल्या खोलीत पाऊल टाकलं की माझे डोळे चुरचुरायचे, आणि डबा म्हणायचा हवा छान आहे. माझ्या मनात पाल चुकचुकली. अहवालात तसं छापून आलं असतं, तर धुरीच्या वेळी निदान दार तरी उघडं ठेवा, हे पुढे कुठल्याच बाळंतिणीला कुणी सांगितलं नसतं. मग एका सकाळी न सांगता, ऐन न्हाण्याच्या वेळेला एका घरी जाऊन थडकले.

त्या गावातली सगळी बाळं न्हाऊ घालणाऱ्या एकाच मावशींच्या हातची. साठीच्या, काटक, बोलणं कमी. बाळ त्यांच्या पायांवर आडवं झालं की रडायचं विसरतं. त्यांनी बाळाला न्हाऊ घातलं, पुसलं, आईकडे दिलं. मग हात धुऊन एक स्वच्छ दुपटं घेतलं, त्याची चौपदरी घडी केली आणि फळीवरच्या डब्याभोवती घट्ट गुंडाळली. नंतर दार लावलं, निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि बाळाला परत हातात घेतलं.

"मावशी, डब्याला काय केलं हे?"

"धूर लागंल ना त्येला. तुमीच सांगितलं हुतं ताई, लई नाजूक हाय, जपा म्हनून. मी समद्या घरी झाकते. एक दिस इसरले न्हाई."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण चिडणार कुणावर? पहिल्या दिवशी प्रत्येक घरी पाण्यापासून जपा, धुळीपासून जपा, पोरांना हात लावू देऊ नका, असं मीच मोठ्या तोऱ्यात बजावलं होतं. माझं इतकं मनापासून कुणी आजवर ऐकलं नव्हतं.

मी दुपटं काढलं. डब्याच्या खिडकीतला आकडा सरसर चढायला लागला. मावशींना वाचता येत नव्हतं, पण चढणं कळत होतं.

"वाढतंय म्हंजी वाईट का?"

"एवढ्याशा छातीला वाईट असावं असं वाटतंय. किती वाईट, तेच शोधायचं चाललंय."

त्यांनी पायाने शेगडी बाजूला सारली आणि बाळाला खांद्याशी घेतलं.

"म्हंजी डबा झाकला अन् लेकराला उगडं ठिवलं मी," त्या हळूच म्हणाल्या.

निम्मं गाव त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठं झालेलं. मला फार वाईट वाटलं. चूक माझी आहे मावशी, मीच अर्धवट सांगितलं, असं मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दुपारी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्या गावाचे सगळे आकडे गाळू, पुन्हा मोजा, छापायच्या आधी कळलं हे बरं झालं. फोन ठेवला आणि मी शांतपणे भाकरी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात त्याच घरी डबा ठेवला. झाकू नका, बाकी तुमचं रोजचं जसं चालतं तसं चालू द्या, एवढंच मावशींना सांगितलं. रोजचा खरा आकडा मिळावा म्हणून आम्हाला तसंच सांगायचा नियम होता, पण या वेळी तो पाळणं मला जड गेलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर मावशी बाहेर ओट्यावर कोवळ्या उन्हात बसलेल्या. मांडीवर बाळ, नुकतंच न्हाऊन झोपलेलं. शेजारी त्याची आई चहा पीत होती. खोलीचं दार लावलेलं आणि फटीतून धूर येत होता.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. तुमचा डबाच हाय. तुमाला धुरी मोजायची ना, मोजा. चांगला मूठभर ओवा टाकलाय. लेकरू काय आता आत जायाचं न्हाई."

खोकत आत गेले आणि डबा उचलून आणला. आकडा एवढा मोठा मी कुठल्याच गावात पाहिला नव्हता, आणि बाळच खोलीत नसल्याने आमच्या संशोधनाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'धुरीच्या वेळी बाळ बाहेर होते.' हाही आकडा गाळावा लागणार हे मला माहीत होतं. तीन वर्षांत तेवढा एकच आकडा मी आनंदाने वाया घालवला. मग मावशींच्या शेजारी ओट्यावर टेकले आणि घड्याळ लावून त्या बाळाचे श्वास मोजायला लागले.