रेणापूर आज ठीक आहे

मी फरशीवर आडवी पडले होते, जीभ टाळूला चिकटली होती, हाक मारायचं त्राण नव्हतं, आणि आमचे व्याही माझ्याकडे पाठ करून कॉम्प्युटरला विचारत होते, "काय झालं रे बाबा तुला? कुठं दुखून राहिलं?" कॉम्प्युटर भोंग्यासारखा ओरडत होता. मला ओरडता येत नव्हतं. आधी कोणाकडे बघायचं याबद्दल व्याह्यांच्या मनात काही शंका असल्याचं मला तरी दिसलं नाही.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. नांदेडला राहतात. आकड्यांवर इतका जीव लावणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याची बायको केव्हाच माहेरी निघून गेली असेल. जन्मभर त्यांनी विजेच्या सबस्टेशनवर नोकरी केली. तिथे काम एकच. दर तासाला उठायचं, विजेचा दाब किती, ट्रान्सफॉर्मरचं तेल किती तापलं, ते बघायचं आणि लिहायचं. नोकरी सुटली, पण तास सुटला नाही. अजून ते दर तासाला उठतात. फ्रिज उघडून आत बघतात, पाण्याच्या टाकीला कान लावतात, दारात उभं राहून आभाळाकडे बघतात आणि मान हलवून परत खुर्चीत बसतात. माझी विहीण सांगते, "सोताच्या लग्नाच्या पंगतीतून उठले होते हो. भटजीला वाटलं, पोटाचं काही हाय."

दुसरी खोड हाताची. कुठल्याही वस्तूला ते हात लावतात तो उलटा, म्हणजे पंजाच्या पाठीने. तळव्यानं विजेची तार धरली तर मूठ आवळते आणि सुटत नाही, उलट्या हाताला झटका बसला तर हात आपोआप मागे येतो, असं त्यांचं म्हणणं. विजेपुरतं ते खरंच असेल. पण दुधाचं पातेलं, नातीचं कपाळ, पाहुण्यांची सुटकेस, सगळ्याला उलटा हात. एकदा बाजारात कलिंगडाला लावला. कलिंगडवाला म्हणाला, "मामा, करंट न्हाई त्याच्यात." व्याही म्हणाले, "तू म्हणशील आन् मी ऐकीन व्हय?" आणि शेजारच्या कलिंगडाला हात लावला.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला. आला होता नातीसाठी. नात पुढे शिकायला गेली, कॉम्प्युटर मागे राहिला. त्याच्या पोटात तापमान आणि दाब मोजायची सोय असते, एक प्रोग्राम घातला की ते सगळं पडद्यावर दिसतं, हे व्याह्यांना कुठूनसं कळलं. मग काय, रिटायर माणसाला सबस्टेशन घरपोच मिळालं. एका बोटानं टाइप करत त्यांनी तो प्रोग्राम बसवला. मी चौथी शिकलेली बाई. पण लेकीकडे जाईन तेव्हा ते मला हे सगळं दारात उभे राहून इतक्या वेळा सांगायचे की मला ते आता स्वयंपाकासारखं पाठ झालंय.

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसते आकडे आले. कोणता कशाचा, काही कळेना. त्यातला एक म्हणत होता, एकशे सत्तावीस अंश. व्याह्यांनी धावत जाऊन घराचा मेन स्विच पाडला. विहिणीची चटणी मिक्सरात अर्धी राहिली. मागाहून समजलं की त्या जागेला काही जोडलेलंच नव्हतं. रिकामी जागा असली की असला खोटा आकडा येतो. व्याह्यांनी त्याचं नाव ठेवलं 'दादासाहेब'. हे त्यांच्या थोरल्या भावाचं घरातलं नाव. "कायम तापलेले, आन् आत काहीच न्हाई," म्हणाले. मग प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली की हा आकडा दाखवूच नको. मला म्हणाले, "इहीणबाई, माणसांसाठी अशी ओळ लिहिता आली असती, तर माझी जिंदगी सोपी गेली असती."

मग कॉम्प्युटरच्या आतली बारा व्होल्टची तार तीनच व्होल्ट दाखवायला लागली. व्याही छातीला हात लावून बसले. जेवले नाहीत. दुपारी स्वतःशीच हसायला लागले. "अहो, सबस्टेशनवर तरी मीटरला पुरा दाब कुठं देत होतो? कमी करून द्यायचा आन् गुणून वाचायचा." मल्टीमीटर लावून तार मोजली, बारा भरले. तेव्हा सेटिंगमध्ये गुणाकार लिहिला. मी म्हटलं, "तीन चोक बारा, एवढं मला विचारलं असतं तर तुमचं जेवण तरी झालं असतं."

नावं ठेवण्याचा त्यांना नादच लागला. बारा व्होल्टची तार 'नांदेड'. पाचाची 'देगलूर', कारण ते विहिणीचं माहेर. आणि तिनाच्या थोडी वर असलेली, सगळ्यात कमी दाबाची, तिचं नाव 'रेणापूर'. रेणापूर माझं गाव.

"का हो इवाई, अशक्त तारेला आमचंच गाव सापडलं?"

"अशक्त न्हाई, इहीणबाई, नाजूक. जरा खाली-वर झालं की सगळा कारभार बंद पाडती."

विहीण आतून म्हणाली, "तोंडावर सांगितलं बघा!" सगळ्यात जास्त तापणाऱ्या प्रोसेसरचं नाव 'चूल' होतं आणि कॉम्प्युटरच्या डब्यातल्या मोकळ्या हवेचं 'माजघर'. प्रत्येकाला मर्यादा घालून दिली होती. ती ओलांडली की भोंगा.

त्या मे महिन्यात नांदेडला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. लेकीनं मला घरी आणलं आणि खाट टाकली ती कॉम्प्युटरच्या खोलीत, कारण घरातला एकुलता एक कूलर तिथे होता. कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे. मला जे लागत होतं ते त्याचं उरलेलं वारं. लेक आणि जावई कामावर गेले. विहीण देगलूरला लग्नाला गेली होती. घरात मी आणि पडवीत व्याही.

ऐन दुपारी कूलरची मोटर जळाली. वर स्लॅब, बाहेर नांदेडचं ऊन, डोळ्याला त्रास नको म्हणून खिडक्या बंद. उशाचा तांब्या रिकामा झाला होता. पडवी हाकेच्या अंतरावर होती. पण मी हाक मारली नाही. लेकीच्या सासरी आईनं काही मागायचं नसतं. माझ्या आईनं माझ्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं. मी पाणी पिते, पण मागत नाही. तिकडे व्याह्यांचीही एक रीत. मी आडवी झालेली असताना ते खोलीच्या उंबऱ्याला पाय लावणार नाहीत. कूलरचा आवाज थांबलेला त्यांनी ऐकला होता. मीच झोपेसाठी बंद केला असेल, असं धरून ते गप्प बसले. तासाचं रीडिंगसुद्धा त्यांनी त्या दिवशी सोडून दिलं. असा आमचा दोघांचा मान राखणं चालू होतं आणि खोली तापत होती. शेवटी तांब्या घेऊन आपणच उठावं म्हणून मी पाय खाली टाकला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि फरशीवर पडले.

थोड्या वेळानं भोंगा वाजला. दारात खाकरण्याचा आवाज आला. "येऊ का इहीणबाई? मशीन बोंबलून राहिलं." मी काय बोलणार? मग व्याही आले. नजर जमिनीवर नाही, माझ्यावर तर नाहीच. भिंतीला धरून, माझ्याकडे पाठ राहील अशा बेतानं थेट कॉम्प्युटरपाशी. आणि एकेक वाचायला लागले.

"नांदेड ठीक. देगलूर ठीक. रेणापूर ठीक. चूलबी मर्यादेत हाय. मग तू बोंबलतोस कशाला? माजघर?" ते थांबले. "आत काही जळत न्हाई. मग हे बाहेरून तापून राहिलं."

आणि तेव्हा ते वळले.

आमची सोयरीक झाल्यापासून या माणसानं माझ्या हातात कधी पानाचा विडाही दिला नव्हता, मध्ये ताट ठेवून दिला होता. ते खाली बसले आणि त्यांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावला. हात झटका बसल्यासारखा मागे गेला. "अहो, हे काय करून बसल्या!" म्हणत त्यांनी माठच उचलून आणला. पंचा भिजवून माझ्या हातापायांवर, मानेवर टाकला, डोक्यावर पाणी ओतायला लागले. ऑपरेशनच्या डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून दुसरा हात त्यांनी डोळ्यावर झाकणासारखा धरला होता. तो हात सुलटा होता. तळवा खाली. मी शुद्धीवर नीट नव्हते, पण तेवढं मला कळलं.

मग त्यांनी गल्ली गोळा केली, रिक्षा आणली, मला दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर आजींचं कठीण होतं. संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि भोंगा वाजतच होता. वाजता भोंगा तसाच टाकून व्याही कधी कुठे गेल्याचं कोणाला आठवत नाही.

दवाखान्यात ते परत दाराबाहेर उभे. "इहीणबाई, हाक मारायची होती."

"तुम्ही आत बघायचं होतं."

"मी कसा बघणार?"

"मग मी कशी मारणार?"

लेक कपाळाला हात लावून बसली. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी माझ्या खाटेला घंटेचं बटण बसवलं. आता मागायचं नाही, नुसतं दाबायचं. मी दाबलं. चहा आला.

तो कॉम्प्युटर यंदा कायमचा बंद पडला. दुरुस्त करणाऱ्यानं हात टेकले. लेक सांगते, डबा माळ्यावर गेलाय, पण तास झाला की मामंजी उठतात, त्या खोलीत जातात, रिकाम्या टेबलाला उलटा हात लावतात आणि परत येऊन बसतात. अलीकडे चालताना भिंत धरावी लागते. उन्हाळ्यात मात्र रोज दुपारी मला रेणापूरला त्यांचा फोन येतो. तब्येत विचारत नाहीत.

"रेणापूर कसं हाय?"

"ठीक हाय."

"माजघर?"

"खिडकी उघडी हाय, माठ भरलेला हाय. तुमचं?"

"आमचं काय," म्हणतात आणि फोन ठेवतात.

त्या दुपारी त्या खोलीत आम्ही तिघं होतो. कॉम्प्युटर गेला. व्याही आहेत. मी आहे.