माझ्या नावावरची मोटारसायकल

मला मोटारसायकल चालवता येत नाही. तरी माझ्या नावावर तिचं कर्ज होतं, आणि हप्ते थकले होते.

हे बँकेत कळलं. धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला. आई बियाण्याच्या कारखान्यात रोजंदारीवर, म्हणून शैक्षणिक कर्जाला तिच्यासोबत माझंही नाव दिलं. साहेबांनी माझा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि स्क्रीन वळवली.

"आधी हे मिटवा मॅडम. मंग बहिणीचं बघू."

मिटवा म्हणजे भरा! मी न घेतलेलं कर्ज मीच फेडायचं. चेहरा न बघता ज्यांनी कर्ज दिलं ते एसीत बसणार, आणि जिनं गाडी पाहिली नाही तिनं ते सिद्ध करत फिरायचं.

मी त्या रिपोर्टवर ऑनलाइन हरकत नोंदवली. फायनान्स कंपनीला पत्र दिलं. कंपनी म्हणाली, पोलीस तक्रार जोडा. संघटनेची कार्यकर्ती म्हणून लोकांचे अर्ज घेऊन मी त्या पोलीस ठाण्यात कितीदा गेले असेन. मागं पाचपन्नास जण, घोषणा, दणका. या वेळी बाकावर एकटी होते. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

"कुणावर संशय?" हवालदारानं विचारलं.

"न्हाई."

"मंग काय भुतानं घेतली गाडी?"

आमच्या संघटनेत रीतच होती. सभेच्या परवानगीला आधार-पॅनच्या झेरॉक्स लागतात. मी कामासाठी घनसावंगी तालुक्यात असले तर काम अडू नये म्हणून माझ्या सही केलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा ऑफिसातच असायचा. कशासाठी दिली ते त्यावर लिहिलेलं नसे. कुणीही उचलावी आणि कर्ज काढावं. हे मी हवालदाराला सांगितलं.

"ऑफिसात कोण कोण बसतं? नावं द्या, न्हाईतर तक्रार लटकंल."

प्रवेशाची फी भरायची मुदत जवळ आली होती. मी नावं दिली. सगळ्यांची.

संध्याकाळी ऑफिसात आमचे सगळ्यांत जुने कार्यकर्ते समोर उभे. आम्ही त्यांना दादा म्हणतो.

"लाठ्या खाल्ल्या, पण पोलिसांना आपण कधी नावं दिली न्हाईत. तू एका फटफटीपायी दिली?"

"फटफटीपायी न्हाई दादा, बहिणीपायी."

"आधी आम्हाला विचारायचं."

"विचारलं असतं तर कुणी म्हटलं असतं का, मी घेतली म्हणून?"

बाकीचे भिंतीवरची पत्रकं वाचू लागले. मीच लिहिलेली.

पुढं तक्रार जोडल्यावर रिपोर्टमधून ते कर्ज काढून टाकलं गेलं. शैक्षणिक कर्ज मंजूर झालं, बहीण हॉस्टेलला गेली. गाडी कुणी घेतली, ते पोलिसांनी काही शोधलं नाही. मला मात्र बैठकीचे निरोप येईनात. फोन केला की, "अगं, विसरलोच बघ."

आई दिवसभर कामावर. खोलीत मी आणि पंखा. रागसुद्धा कुणापाशी काढावा?

परवा मस्तगडच्या रस्त्यावर एक जण मोटारसायकलवरून शेजारी येऊन थांबला. आमच्यातलाच, पोस्टर चिकटवताना माझी शिडी धरणारा.

"बस ताई, सोडतो."

आमच्यातल्या बहुतेकांकडं मोटारसायकल आहे. त्याच्याकडं कधीपासून आहे, मला आठवेना. मी आधी गाडीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्याच्या ते लक्षात आलं.

"चालत जाते," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही विचारलं नसतं.