उतरल्यावर काय?

चष्मा कपाळावर चढवायचा, समोरच्याकडे बिनचष्म्याच्या डोळ्यांनी मिचमिचत बघायचं आणि विचारायचं, "ते सब ठीक हाये. पन उतरल्यावर काय?"

पवनीच्या आमच्या बाजारओळीत हा प्रश्न ऐकला नाही असं गिऱ्हाईक सापडायचं नाही. काकाजींचं भांड्यांचं दुकान माझ्या तिकिटांच्या दुकानाच्या अगदी समोर. लग्नसराईत खेड्यांवरची माणसं यायची, पाण्याचे गुंड, पराती, गंज असा अख्खा संसार पोत्यात बांधून घ्यायची, आणि काकाजी पैसे हातात घेण्याआधी चष्मा वर चढवायचे. "एसटीत चढवून देतो मी. उतरल्यावर काय? फाट्यापासून गाव दूर हाये तुमचं. कोनी न्यायले येनार हाये का?" कोणी येणार नसेल तर त्या गावातल्या कुणाला तरी स्वतः फोन लावायचे. माणसं हसायची, मीही हसायचे. असा एखादा काळजीचा ठेकेदार तुमच्याही ओळीत असेल. आपण त्याची नक्कल करतो आणि त्याच्या जिवावर निवांत राहतो.

कुकरच्या कंपनीची काहीतरी स्कीम होती. ज्या दुकानदाराचा माल जास्त खपेल त्याला जोडीनं जहाजाची सफर. काकाजींना ती लागली. मुंबईला चढायचं, कोचीला उतरायचं. कंपनीचा माणूस त्यांच्या दुकानात उभा राहून मोठ्या आवाजात सांगत होता, "जहाजावर खानं फुकट, नाचगानं फुकट, पोहायचा हौद फुकट." काकाजींनी चष्मा वर चढवला. मी माझ्या काउंटरवरूनच पुटपुटले, आता विचारणार.

"उतरल्यावर काय?"

"उतरल्यावर तुम्ही मोकळे, काकाजी," कंपनीचा माणूस म्हणाला.

त्या 'मोकळे' शब्दानं ते जे अस्वस्थ झाले ते झालेच. संध्याकाळी रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढून चौकटीला धरून जरा उभे राहिले. "पायऱ्या वाढवल्या का वं बेटा?" म्हणाले. मी हसले. पायऱ्या होत्या तेवढ्याच होत्या.

"जहाजाचं मले काही सांगू नोको. जहाज कंपनी पाह्यते. कोचीले उतरल्यावर दोन दिवस राहाचं हाये, ते तू पाह्य."

"राहता कशाला? उतरलात की विमानात बसवते. संध्याकाळी नागपूर."

"नाई. तुह्या काकूले जाळे पाहाचे हायेत."

ती जाळी मलाही ठाऊक होती. त्यांच्या गल्ल्याच्या मागे एक जुनं कॅलेंडर होतं. साल कधीच सरलेलं, पण चित्रासाठी ठेवलेलं. कोचीच्या किनाऱ्यावरची ती अजस्र जाळी, लाकडी खांबांवर टांगलेली, पाण्यात उतरणारी आणि पुन्हा वर येणारी. काकू दुकानात आल्या की त्या चित्रापुढे उभ्या राहायच्या. वैनगंगेवर ढिवरांची जाळी त्यांनी जन्मभर पाहिलेली. "एवढं मोठं जाळं," त्या म्हणायच्या, "कोन फेकत असंल बाई?"

मी फोनवर हॉटेलं दाखवायला लागले. समुद्राची खिडकी, मऊ गाद्या, सकाळचा नाश्ता. काकाजींचं कशातच लक्ष नाही.

"याले दारं किती हायेत?"

"असतील की दोन-तीन. पुढचं, मागचं, गाड्या ठेवायच्या बाजूचं."

"नोको. एकच दार असलेलं पाह्य."

"काकाजी, हॉटेल पाहता का तुरुंग?"

"तुरुंगच पाह्य," ते म्हणाले. या वेळी चष्मा डोळ्यांवरच होता.

मग त्यांनी सांगितलं. काकू विसरायला लागल्या होत्या. मिठाचं, चुलीचं विसरणं होतंच, पण दिवाळीच्या सुमारास एका दुपारी त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. "मी गल्ल्यावर बसलो होतो. मले वाटलं मागं घरात हाये. स्टँडवर जाऊन लाखांदूरच्या गाडीत बसली होती. म्हने, बाबा वाट पाहून राह्यले." लाखांदूरकडचं त्यांचं माहेर, बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झालेली. कंडक्टर ओळखीचा होता, म्हणून त्यानं खाली उतरवून घरी आणून सोडलं.

"इथं कंडक्टर वयखते बेटा. तिकडं कोन वयखते? अन् तिची भाषा तरी कोनाले समजते?"

मी कोचीचा नकाशा उघडून बसले होते. त्या गल्ल्या, ते धक्के, ती पाण्यानं वेढलेली बेटं बघून मला कसंतरीच झालं. त्या गर्दीत नऊवारीतली एक बाई मराठीत बाबांचा पत्ता विचारत फिरते आहे, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

त्यांची मुलगी नागपुरात असते. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. "ताई, तुम्ही तिकिटं काढूच नका. आई तिकडं हरवली तर बाबा जगायचे नाहीत." मी समोर जाऊन काकाजींना ते जसंच्या तसं सांगितलं. मलाही वाटत होतं, की त्यांनी जाऊ नये. ते एका परातीवर नाव घालत होते. नाव घालायचं त्यांचं मशीन टर्रटर्र वाजत होतं, ते त्यांनी बंद केलं.

"पुढच्या साली नेतो म्हनलं असतं. पुढच्या साली तुही काकू राहीन, पन ते जाळं कोनाले पाहाचं होतं, हे तिले याद राहीन का? आता नाई नेलं तर मंग मी कोनाले नेऊ?"

मी तिकिटं काढली.

हॉटेलही मिळालं. जाळ्यांच्या जवळच, जुन्या वस्तीतलं, एका बाईंच्या घराचंच केलेलं. एकच दार, आणि त्या दारात त्या बाईंची खुर्ची. काकाजींनी मला त्यांच्याशी फोनवर हिंदीत बोलायला लावून विचारलं, की खुर्चीवरून त्या उठतात कधी. बाई हसल्या असाव्यात. काकाजींना मात्र पहिल्यांदा जरा बरं वाटलेलं दिसलं.

मग त्यांनी सराव काढला. काकूंना पाण्याची भीती वाटते का ते बघायचं म्हणून एका सकाळी घाटावर नेऊन नावेत बसवलं. मलाही बोलावलं. काकू खुशीत होत्या. पाण्यात हात बुडवत होत्या, पलीकडच्या काठाकडे बोट दाखवत होत्या. काकाजी माझ्याकडे बघून मान डोलवत होते. नाव परत आली, घाटाला लागली. काकाजी आधी उतरले आणि त्यांनी हात पुढे केला.

काकू उठेनात. दोन्ही हातांनी नावेची कड घट्ट धरून बसल्या. घाटाकडे, वरच्या देवळांकडे, माझ्याकडे बघत राहिल्या.

"हे कोनतं गाव होय?" त्यांनी विचारलं. "आपलं नाई हे. मी नाई उतरत."

चाळीसेक वर्षं ज्या घाटावर त्या आल्या-गेल्या होत्या, तो घाट होता तो. काकाजी घोटाभर पाण्यात हात पुढे करून तसेच उभे राहिले. "उतर बाई, मी हावो ना," एवढंच म्हणत होते. किती तरी वेळानं त्या उतरल्या, त्याही त्यांचा हात बघून, गाव ओळखून नव्हे. घाट चढताना काकाजी दोनदा थांबले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "भेव वाटलं वं." भीतीनंच असेल, असं मला वाटलं. आम्ही सगळे काकूंकडे बघत होतो. काकाजींकडे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

त्याच दिवशी त्यांनी ती पट्टी केली. पितळेची, बोटाएवढी. जन्मभर दुसऱ्यांच्या भांड्यांवर नावं घातली होती, लेकीची, सुनेची, सासूच्या स्मरणार्थ. आता बायकोचं नाव घातलं, खाली पवनी, खाली स्वतःचा मोबाइल नंबर. मराठीत आणि मागच्या बाजूला इंग्रजीत. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या आणि काळ्या दोऱ्यात ओवून काकूंच्या मनगटाला बांधली.

"भांडं बदललं तर नावावरून सापडते," मला म्हणाले. हसायला गेले, पण हसू जमलं नाही.

मग रोज शिकवणी. मला इकडे ऐकू यायचं. "जहाजावर मी बाजूलेच राहीन. तिथं फोन लागत नाई. उतरल्यावर लागते. मी दिसलो नाई तर घाबराचं नाई. कोनाले बी हे पट्टी दाखवाची. ते फोन लावतीन, मी येईन. काय करशीन?"

"पट्टी दाखवीन."

"मंग काय होईन?"

"तुमी यानं."

लहान मुलीनं पाढे म्हणावेत तसं त्या म्हणायच्या. काकूंच्या डोक्यातून रोज काहीतरी गळत होतं, पण हे मात्र पक्कं बसलं. काकाजींना त्याचा केवढा अभिमान! "पाह्यलं का, इसरली नाई," रस्त्यापलीकडून मला ओरडून सांगायचे.

ते गेले. जहाजावर असताना मी उगीचच एक-दोनदा फोन लावून पाहिला. 'या क्रमांकाशी सध्या संपर्क होऊ शकत नाही,' फोनमधली ती बाई थंडपणे सांगायची. मला माहीत होतं, समुद्रात लागत नाही म्हणून. तरी दर वेळी ते वाक्य पूर्ण ऐकूनच फोन ठेवायचे.

मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. "उतरलो, बेटा!"

आवाजात इतका उत्साह मी कधी ऐकला नव्हता. मागे काकूंचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ते सगळं ठीक आहे, काकाजी. उतरल्यावर काय?"

"उतरल्यावर इडली!" ते खो खो हसले. "हॉटेलवाली बाई दारातच बसली हाये. तू सांगतलं तसंच हाये सब. उद्या पाह्यटे जाळे."

त्यांचं मी ऐकलेलं ते शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्या बाईंचा फोन आला. तोडक्या हिंदीत सांगत होत्या, मध्येच थांबत होत्या. पहाटे दोघं जाळ्यांपाशी गेले. काठावरच्या कट्ट्यावर बसले. जाळी पाण्यात उतरत होती, वर येत होती. काकाजींनी काकूंच्या खांद्यावर मान टेकली. काकू त्यांचा हात हातात घेऊन जाळी बघत राहिल्या. बघता बघता चांगलं उजाडलं. कोळ्यांपैकी एकाला शंका आली, त्यानं जवळ येऊन काकाजींना हलवलं. मग माणसं जमली, कोण, कुठले, विचारायला लागली. त्यांची भाषा काकूंना कळेना. पण त्या घाबरल्या नाहीत. शिकवल्याप्रमाणे त्यांनी मनगट पुढे केलं आणि पट्टी दाखवली.

एका माणसानं नंबर लावला. फोन काकाजींच्या सदऱ्याच्या खिशात वाजला.

तो वाजत होता आणि काकू इकडेतिकडे बघत होत्या, की आता येतील.

एवढा शहाणा माणूस, जगाला उतरल्यावरचं विचारणारा, त्याला दुसरा एक नंबर घालायचं सुचलं नाही. पट्टीला जागा होती. मागची बाजू अर्धी कोरी आहे, मी पाहिली आहे. मला त्यांचा राग येतो, अजूनही येतो. आणि मग आठवतं, की काकू हरवतील या भीतीनं त्यांचं मन इतकं भरून गेलं होतं, की स्वतःसाठी भीती ठेवायला त्यात जागाच उरली नव्हती.

समोरचं शटर आता बंद असतं. मुलगी येऊन राहिली आहे. काकूंना नागपूरला न्यायचं म्हणते, पण काकू ऐकत नाहीत. मागच्या दाराला कुलूप असतं. तरी दुपारी मुलीचा डोळा लागला की काकू पुढच्या दारानं निघतात, रस्ता ओलांडतात आणि माझ्या दुकानात येतात. चौकटीला धरून उभ्या राहतात, अगदी त्यांच्यासारख्या. मनगट पुढे करतात.

"हा नंबर लावून दे वं बाई."

पहिल्या दिवशी मी समजावून पाहिलं. त्या शांतपणे ऐकत राहिल्या, आणि मी थांबले तेव्हा पुन्हा मनगट पुढे केलं. पट्टीच्या मागे माझा नंबर घालून आणते म्हटलं, तर हात मागे ओढून छातीशी धरला. "हात नोको लावू. हे त्यायनं केली हाये."

तेव्हापासून मी रोज नंबर लावते. तो फोन मुलीनं बंद करून कपाटात ठेवला आहे. 'या क्रमांकाशी सध्या संपर्क होऊ शकत नाही,' ती बाई सांगते. काकू फोन कानाला लावून पूर्ण ऐकतात. मग त्यांचा चेहरा सैल होतो.

"लागत नाई," त्या मला समजावतात. "म्हनजे जहाजावरच हायेत अजून. उतरले का लागते."

आणि पायऱ्या उतरतात. समोर रस्त्यापलीकडे घर आहे, उजवीकडे एसटी स्टँड. त्या कुठे जातात ते दिसेपर्यंत मी गिऱ्हाइकाला थांबवून दारात उभी राहते. काल त्या बराच वेळ रस्त्याच्या मधोमध थांबल्या होत्या.