तीन बादल्या गोडं पाणी

सर्वेक्षण जहाजाच्या मागच्या डेकवर केबल सोडण्या-ओढण्याचा विंच चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘तीन बादल्या’ म्हणायचे. तोंडावर मात्र काका.

जहाजाचं काम आवाजाचं. खाली आवाज सोडायचा, तळावर आपटून तो किती वेळात परत येतो ते मोजायचं आणि त्यावरून तळाचा नकाशा काढायचा. विशिष्ट आकाराचे उंचवटे दिसले, तर तिथे तांबं-जस्त सापडायची आशा. पण पाणी किती गार, किती खारट, यावर आवाजाचा वेग बदलतो. म्हणून रोज सकाळी हातभर लांबीचं एक मोजयंत्र केबलला बांधून तळाजवळ सोडायचं आणि वर ओढायचं. जायला-यायला तीन तास. वर आलं की त्याच्या खाचेत अडकलेला जेलीफिशचा चिकटा गोड्या पाण्याने धुवायचा. एका बादलीत तो निघत नाही. दोन बादल्यांत निघाल्यासारखा वाटतो. काका तिसरी ओतायचे.

“जहाजावर यंत्राला तीनदा आंघोळ आणि घरी चहाचा कप टेबलावर तसाच!” बायको म्हणायची.

एका सकाळी यंत्र वर आलं तेव्हा मेसमध्ये पत्त्यांचा डाव अर्धा राहिला होता. काकांच्या हातात पानं अशी आली होती, की वर्षातून एकदा यावीत.

“येताय काका, की तुमची पानं मीच उघडू?” आचारी ओरडला.

काकांनी यंत्रावर नुसतं फडकं फिरवलं, यंत्र खुंटीला टांगलं आणि गेले. संध्याकाळी धुऊ म्हणाले आणि विसरले. डावही हरले. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या चिकट्यासकट यंत्र खाली गेलं.

दोन दिवसांनी नकाशाच्या खोलीत बोलावणं आलं. त्या दिवशी मोजलेल्या पट्ट्याच्या कडेला दोन उंचवटे उठले होते.

“नेमके कडेलाच?” मोहिमेचे साहेब म्हणाले. “पाण्याचं माप चुकलं की कडाच वर उचलल्यासारख्या दिसतात. यंत्राची गडबड असणार.”

नकाशा वाचणाऱ्या बाई काकांकडे वळल्या. “काका, यंत्र धुतलं होतं ना?”

खोलीत सहा माणसं. सगळी बघत होती.

“धुतलं होतं.”

“मग प्रश्न मिटला,” बाई म्हणाल्या. “ काकांनी धुतलं म्हणजे धुतलं.”

पुढच्या वर्षी तळाचे नमुने काढणारं मोठं जहाज तिथे गेलं. चार दिवस त्याचा लोखंडी पंजा खाली जात होता आणि नुसता करडा चिखल घेऊन वर येत होता. बाईंनी कुणाकडे बोट दाखवलं नाही. नकाशा वाचण्यात माझीच चूक झाली, म्हणाल्या. त्यानंतर त्यांना समुद्रावर पाठवलं नाही. किनाऱ्यावर जुन्या नकाशांची खोली सांभाळायला दिली.

काकांनी आणखी अकरा वर्षं विंच चालवला. आता ते चार बादल्या ओतायचे. चौथी कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“मला सांगून काय उपयोग? नकाशा काय मी काढला होता?”

काका दुसऱ्याच दिवशी बाईंकडे गेले. खोलीत भिंतभर सपाट खण होते. बाईंचे केस पांढरे झाले होते.

“काका! बसा ना.”

काका बसले नाहीत. उभ्यानेच सांगितलं, पत्त्यांसकट.

 बाई म्हणाल्या, “तेव्हा का नाही बोललात?”

“तुम्ही चारचौघांत म्हणालात ना, काकांनी धुतलं म्हणजे धुतलं. फार बरं वाटलं होतं हो.”

“मलाही शंका आली होती. यंत्र धुऊन पुन्हा सोडायचं, पट्टा पुन्हा मोजायचा, अर्ध्या दिवसाचं काम. तुमच्या शब्दावर सोडून दिलं मी.”

त्यांनी एक खण ओढला, नकाशा पसरला आणि समासावर बोट ठेवलं. “इथे लिहा. तारीख घाला. खाली सही.”

काकांनी लिहिलं: आदल्या दिवशी यंत्र धुतलं नव्हतं. 

“आता पाठवतील तुम्हाला परत समुद्रावर?”

“पुढच्या महिन्यात मीही निवृत्त होतेय, काका.”

बाईंनी कागद लगेच आत ठेवला नाही. शाई वाळेपर्यंत दोघं नकाशाच्या दोन बाजूंना उभी राहिली.